आकडा बरोबर आला, मग मासे का गेले?

मुलुंडच्या एका वाचक भगिनींचे पत्र थोडे संक्षिप्त करून देत आहे.

"स. न. वि. वि. आमच्या घरी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी आहे. चौदा महिन्यांपूर्वी लेकीच्या वाढदिवसाला आणली. त्यात चार एंजल, सहा काळे मोली आणि एक सकर (काचेला तोंडाने चिकटणारा मासा) होता. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते म्हणून पहिल्या दिवसापासून मी स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचे शुद्ध पाणीच वापरते. गेला महिनाभर मोली पर मिटून एकाच जागी डुलत राहत होते. पट्टी बुडवून पाहिली तर पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा; ७ च्या खाली आम्ल) ६ आला. दुकानदार म्हणाले, सात-साडेसात हवा, खायचा सोडा टाका. मी रात्री दोन चमचे सोडा विरघळवून टाकला. तासाभरात पट्टीचा रंग ८ च्या जवळ गेला. सकाळी तीन एंजल मेलेले होते आणि बाकीचे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करत होते. सासरे म्हणतात, टाकी पूर्ण रिकामी करून खडी उकळत्या पाण्याने धुऊन घे. लेक माझ्याशी बोलत नाही. पाणी सुधारल्यावर मासे मेले कसे, आणि आता मी काय करू?"

प्रिय ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण जे मासे वाचले आहेत त्यांच्या दृष्टीने तोच तातडीचा आहे. टाकी रिकामी करू नका, खडी उकळत्या पाण्याने धुऊ नका आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरू नका. सासऱ्यांनी काळजीपोटीच सांगितले आहे, आणि दुसरे कोणतेही भांडे असते तर त्यांचे म्हणणे योग्यच ठरले असते; पण माशांच्या टाकीत खडीवर आणि स्पंजवर जो बुळबुळीत थर धरलेला असतो, त्यातल्या जीवाणूंवर ती टाकी चालते. ते जीवाणू आधीच महिनाभर निपचित पडल्यासारखे होते, आता कुठे त्यांना काम सुरू करण्याजोगे पाणी मिळाले आहे, आणि अशा वेळी त्यांच्यावर उकळते पाणी पडले तर उरलेल्या आठ माशांना वाचवणे फार कठीण होईल.

हवेचा पंप चोवीस तास चालू ठेवा आणि दोन दिवस खाणे पूर्ण बंद करा. धडधाकट मोठा मासा दोन दिवस सहज उपाशी राहतो, आणि जेवढे खाणे कमी तेवढा पाण्यात अमोनिया कमी. नळाचे पाणी एका मोठ्या बादलीत काढून रात्रभर उघडे ठेवा, शक्य असेल तर त्यात हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावायचा, बारीक बुडबुडे काढणारा) सोडा, आणि दुसऱ्या दिवशी टाकीतले दहा-बारा लिटर पाणी काढून तेवढेच हे पाणी हळूहळू, मगाने घाला. एक दिवस सोडून पुन्हा तसेच करा. सोडा आणखी टाकू नका, आणि पीएच खाली आणावा म्हणून लिंबू, व्हिनेगर किंवा दुकानातली 'पीएच डाऊन'ची बाटलीही आणू नका. पाण्याने एका रात्रीत एक मोठी उडी सोसली आहे, उलट दिशेची दुसरी उडी त्या माशांना झेपणार नाही.

आता मासे का गेले ते सांगतो, आणि हे जरा सविस्तर सांगतो, कारण मला येणाऱ्या पत्रांत हीच हकीकत वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा असते.

माशाच्या कल्ल्यांतून आणि मलमूत्रातून अमोनिया सतत पाण्यात येत असतो. उरलेले खाणे आणि कुजलेली पाने त्यात भर घालतात. हा अमोनिया पाण्यात दोन रूपांत राहतो. एक रूप विषारी, ते कल्ल्यांतून थेट रक्तात शिरते. दुसरे अमोनियमचे, जे माशाला बहुतांशी निरुपद्रवी असते. कोणत्या क्षणी कोणते रूप किती, हे मुख्यतः पीएचवर ठरते. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो; पीएच ८ ला तोच भाग सुमारे ५ टक्के होतो आणि पीएच ९ ला तर एकतृतीयांशाहून जास्त. पीएच ६ ला मात्र तो इतका थोडा असतो की पाण्यात अमोनिया भरपूर साचला तरी मासे तग धरून राहतात. पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीने चालते, त्यामुळे ६ वरून ८ वर जाणे म्हणजे दोन पायऱ्या चढणे नसून जवळजवळ शंभरपट फरक पडणे होय.

तुमच्या टाकीत नेमके हेच घडलेले दिसते. पीएच साडेसहाच्या खाली जाऊ लागला की अमोनिया पचवणारे जीवाणू मंदावतात आणि सहाच्या आसपास ते जवळजवळ थांबतात. महिनाभर अमोनिया साचत राहिला, पण आम्ल पाण्यामुळे तो अमोनियमच्या रूपात दबून होता. तुम्ही रात्री सोडा घातलात तेव्हा पाण्याचा पीएच तासाभरात आठच्या जवळ पोहोचला आणि महिनाभराचा साठा एकाच रात्री विषारी रूपात मोकळा झाला. सकाळी पृष्ठभागावर तोंडे उघडमीट करणारे मासे तुम्ही पाहिलेत ते यामुळे. त्यांचे कल्ले जणू भाजून निघाले होते. पट्टीवरचा आकडा पुस्तकातल्यासारखा आला, आणि मासे त्या आकड्यावर पोहोचण्याच्या वेगाने गेले.

लेकीला हे तुमच्या शब्दांत समजावून सांगा, ताई. तुम्ही निष्काळजीपणा केला नाहीत. महिनाभर मोलीकडे पाहत होतात, पट्टी आणलीत, विचारून औषध केलेत. अमोनिया आणि केएच न मोजता पीएच वाढवायला सांगणारा सल्ला अपुरा होता, एवढेच.

केएच हा शब्द आला, तो नीट ओळखून घ्या, कारण यापुढे तुम्ही पीएचपेक्षा त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावे असे माझे सांगणे आहे. पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट क्षारांचे हे माप. मराठीत कार्बोनेट जडता म्हणता येईल, पण दुकानात केएच म्हटले की समजते. हे क्षार आम्लाला गिळून टाकतात. जोवर ते पाण्यात आहेत तोवर पीएच जागचा फारसा हलत नाही. ते संपले की तो एकदम कोसळतो. आणि ते संपतातच, कारण अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करताना जीवाणू आम्ल तयार करतात. प्रत्येक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना सुमारे सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी जडता खर्च होते. म्हणजे टाकी जितकी चांगली चालेल तितका हा साठा आटत जाईल, आणि तो पाणी बदलूनच भरावा लागेल.

तुम्ही भरत होता ते पाणी आरओचे. त्या यंत्राचे कामच क्षार काढून टाकणे हे आहे. चवीसाठी थोडे क्षार परत सोडणारी यंत्रेही असतात, तरी टाकीला पुरेल एवढी जडता त्यांतून सहसा येत नाही. आपल्याला पिण्यासाठी जे शुद्ध, ते माशासाठी रिकामे असते. चौदा महिने तुम्ही मोठ्या मायेने दर आठवड्याला साठा नसलेले पाणी घालत राहिलात, आणि जो थोडा साठा सुरुवातीला खडीतून आला असेल तो जीवाणूंनी संपवला.

मोलीचे डुलणे हे त्याचेच पहिले लक्षण होते. मोली हा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा मासा. तिकडच्या किनारी भागात तो क्षारयुक्त, कधी कधी खाऱ्या पाण्यातही राहतो. पाणी हलके, म्हणजे कमी क्षारांचे, आणि आम्ल झाले की तो पर मिटून घेतो आणि जागच्या जागी अंग हलवत राहतो, पुढे जातच नाही. एंजल मात्र ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, हलक्या पाण्याचा मासा, म्हणून महिनाभर तो तुम्हाला ठीक दिसत राहिला. हे दोन मासे एका टाकीत ठेवू नयेत असे कडक मत असणारे लोक आहेत. माझे मत थोडे सौम्य आहे: आज बाजारात मिळणारे एंजल पिढ्यान्‌पिढ्या तलावांत आणि हौदांत वाढवलेले असतात, आणि केएच ४ ते ६ व पीएच ७ ते साडेसात असे मध्यम पाणी स्थिर राखले तर दोघेही चांगले जगतात. माशाला ॲमेझॉनचा आकडा मिळवून देण्यापेक्षा कालचाच आकडा आज मिळणे जास्त मोलाचे आहे.

यावर तुम्ही म्हणाल की मग नळाचे पाणी घ्यायचे, पण त्यातल्या क्लोरीनचे काय? क्लोरीनचा बंदोबस्त सोपा आहे, तो पुढे सांगतो. आधी आपल्या नळाला कसले पाणी येते ते पाहू. मुंबईला सात तलावांतून पाणी मिळते: तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. हे सगळे पावसावर भरणारे तलाव. शहापूरच्या नि मोखाड्याच्या डोंगरांवर पडलेला पाऊस सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावरून वाहत तलावात येतो, आणि त्या दगडात चुनखडी नसल्यामुळे पाण्यात फारशी जडता मिसळत नाही. म्हणून महापालिकेचे पाणी सहसा हलके असते. विदर्भ-मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्याने भांड्यावर जसा पांढरा थर धरतो तसा आपल्या किटलीत धरत नाही. गंमत अशी की त्याच शहराला लागून असलेल्या समुद्राच्या पाण्यात कार्बोनेटचा चांगला साठा असतो आणि त्याचा पीएच आठच्या थोडा वर, वर्षानुवर्षे जवळपास तिथेच राहतो. आपल्या नळाच्या पाण्यात थोडा साठा असतो, आरओच्या पाण्यात जवळजवळ काहीच नसतो. तो थोडा साठा तुम्हाला उपयोगी आहे, आणि कमी पडेल तेवढी भर घालता येते.

पण अंदाजावर राहू नका, मोजा. कागदी पट्ट्या सोडा. त्यांचे रंग दिव्याखाली एक दिसतात आणि खिडकीत दुसरे. थेंबांचा संच घ्या, निदान केएच, अमोनिया आणि नायट्राइट या तीन चाचण्यांचा. क्रॉफर्ड मार्केटच्या माशांच्या दुकानांत तो मिळतो. केएचची चाचणी इतकी सोपी आहे की ती लेकीला करू द्यावी. काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचे आणि बाटलीतला थेंब एकेक करून टाकत, प्रत्येक थेंबानंतर नळी हलवायची. पाणी आधी निळे होते आणि मग एका थेंबाला अचानक पिवळे पडते. तोवर जितके थेंब पडले तितके अंश केएच; बहुतेक संचांत एक थेंब म्हणजे एक अंश, तरी संचावरचा कागद वाचून खात्री करा. तीन नळ्या शेजारी शेजारी घ्या: टाकीचे पाणी, रात्रभर ठेवलेले नळाचे पाणी आणि आरओचे पाणी. आरओची नळी बहुधा पहिल्याच थेंबाला पिवळी होईल. हे तिघांनी, म्हणजे तुम्ही, लेकीने आणि सासऱ्यांनी, एकत्र बसून पाहावे असे मला मनापासून वाटते. नळाच्या पाण्याचा पीएच मोजायचा असेल तर मात्र रात्रभर ठेवलेलेच पाणी मोजा, कारण ताज्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून गेल्यावर पीएच बदलतो.

तुम्ही टाकलेल्या सोड्याचा हिशेबही करून पाहू. तुमची टाकी मापाने दोन घनफूट, म्हणजे सुमारे ५६ लिटर. पण खडी आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या आसपास असेल. शंभर लिटर पाण्याचा केएच एक अंशाने वाढवायला ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो. तुमच्या ४५ लिटरला त्या हिशेबाने साधारण १.३५ ग्रॅम पुरतो, जो चहाच्या चमच्याचा जेमतेम पाव भाग आहे. दोन सपाट चमचे म्हणजे दहा ग्रॅमच्या आसपास; तुम्ही एका रात्रीत सात अंशांची वाढ दिलीत. हीच वाढ आठवड्याला एकेका अंशाने, आणि आधी अमोनिया शून्य असल्याची खात्री करून दिली असती तर कुठल्याही माशाला ती कळलीसुद्धा नसती.

त्यामुळे सोड्यावर राग धरू नका, पण पुढच्या वेळी तो टाकीत थेट न टाकता बदलण्याच्या बादलीत, पाव चमच्याच्या मापाने विरघळवा. खायचाच सोडा घ्या. धुण्याचा सोडा फार तीव्र असतो, आणि बेकिंग पावडर किंवा पोटाच्या जळजळीचे फसफसणारे चूर्ण यांत इतर आम्ले मिसळलेली असतात. सध्या मात्र तुमच्या टाकीत पुरेसा सोडा आहे, नळाच्या पाण्याने तो हळूहळू पातळ होत जाईल, आणि केएच ६ च्या खाली आल्यावरच पुढचा विचार करा.

रोजच्या जपणुकीसाठी मला सोड्यापेक्षा शिंपले जास्त आवडतात. आपल्याकडे तिसऱ्या (खायचे शिंपले) चिरताना एक शिंपी मांसासह ठेवतात आणि दुसरी रिकामी शिंपी टाकून देतात. त्या रिकाम्या, न शिजवलेल्या शिंप्या बाजूला काढा. मीठ-मसाला लागलेल्या नकोत. घासून, वीस मिनिटे उकळून, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा आणि फडक्यात गुंडाळून वरवंट्याने जाडसर फोडा, पीठ करू नका. एक मूठभर तुकडे जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये, जिथून पाणी वाहते तिथे ठेवा. शिंप्या कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात. पाणी आम्ल होऊ लागले की त्या जास्त विरघळतात आणि पीएच साडेसातकडे सरकला की त्यांचे विरघळणे जवळजवळ थांबते. म्हणजे गरज असेल तेव्हाच त्या काम करतात, आणि तेही इतक्या धिम्या गतीने की एका रात्रीत अपघात होणे शक्य नाही. दोन-तीन महिन्यांनी तुकड्यांच्या कडा गुळगुळीत झालेल्या दिसतील, तेव्हा नव्या शिंप्या घाला. कोणी तुम्हाला टाकीत देशी बदामाची वाळकी पाने टाकायला सांगेल. मुंबईच्या गल्लोगल्ली ती मिळतात आणि एंजलना खरोखर मानवतात, पण त्यातली आम्ले पीएच खाली ओढतात. केएच चारच्या वर स्थिर होईपर्यंत ती नको.

आता क्लोरीन. रात्रभर उघड्या बादलीत, हवेच्या दगडासह ठेवलेल्या पाण्यातून तो सहसा उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, बाटलीवरच्या प्रमाणात वापरा. मात्र एक दिवस कायम लक्षात ठेवा: सोसायटीची टाकी धुतली जाते तो. त्या दिवशी ब्लिचिंग पावडर वापरतात. एकदा आमच्या इमारतीत सूचना फलकावर चिकटवली होती, पण मी ती वाचली नव्हती. सकाळी भरलेली बादली संध्याकाळी टाकीत ओतली, आणि पाऊण तासात अकरा टेट्रा मासे एका कोपऱ्यात गोळा होऊन एकेक करून खाली बसले. त्या पाण्याला वासही येत होता, मला सर्दी होती म्हणून कळला नाही. तेव्हापासून टाकी धुतल्यावर दोन दिवस मी पाणी बदलत नाही.

तसेच एप्रिल-मेमध्ये पाणीकपात लागून सोसायटीत टँकर येऊ लागले की ते पाणी बहुधा विहिरीचे किंवा बोअरचे असते, आणि ते तलावाच्या पाण्यापेक्षा पुष्कळ जड असू शकते. काहीशे रुपयांत मिळणारे टीडीएसचे पेन अशा वेळी कामाला येते. एकूण विरघळलेले क्षार ते सांगते, केएच सांगत नाही. पण नेहमीचा आकडा माहीत असला आणि तो एके दिवशी दुप्पट-तिप्पट दिसला की टँकर आला हे लगेच कळते. त्या काळात बादलीभराऐवजी अर्धी बादलीच बदला. उन्हाळ्यात पाणी ३१-३२ अंशांवर जाते, गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि अमोनियाचे विषारी रूपही थोडे वाढते, तेव्हा पंप बंद पडू देऊ नका.

येत्या दोन-तीन आठवड्यांत आणखी एक गोष्ट घडण्याची शक्यता आहे. अमोनिया पचवणारे जीवाणू जागे होतील आणि नायट्राइट तयार करू लागतील, पण नायट्राइट पचवणारे दुसरे जीवाणू बहुधा मागाहून जोर धरतात. मधल्या काळात नायट्राइट चढतो. तो रक्तातल्या प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्याला निकामी करतो आणि मासे पुन्हा धापा टाकू लागतात. चाचणीत नायट्राइटचा जरासा जरी रंग दिसला तरी ४५ लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा जाडे मीठ विरघळवून घाला. मिठातले क्लोराइड कल्ल्यांत नायट्राइटची वाट अडवते. दुकानात मूठ-मूठ मीठ टाकायला सांगतात, त्याची इथे गरज नाही, आणि सकरला तेवढे मीठ सोसतही नाही. काढलेल्या पाण्याच्या प्रमाणातच पुढे मीठ घाला, कारण मीठ उडून जात नाही. मीठ अमोनियावर मात्र काहीही करत नाही, तिथे पाणी बदलणे हाच उपाय. निळे औषध, पिवळे औषध यांतले काहीही आता घालू नका; आजार जंतूंचा नाही, आणि त्यांतली काही औषधे जीवाणूंच्या कामात अडथळा आणू शकतात.

तिसऱ्या दिवसापासून खाणे द्या, पण दोन मिनिटांत संपेल एवढेच, दिवसातून एकदा. दर आठवड्याला दहा-बारा लिटर पाणी बदला आणि त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज दोनदा दाबून घ्या. खडीतली घाण पाइपने ओढून काढली की सासऱ्यांचे समाधान होईल, आणि ते काम त्यांच्याकडेच सोपवावे असे मी सुचवतो.

सकरविषयी थोडक्यात: तो फूटभराहून मोठा होतो आणि दोन फुटी टाकीतला सर्वांत मोठा घाणकर्ता तोच असतो. मोठी टाकी असणाऱ्या कोणाला तरी द्या किंवा दुकानात परत करा, पण पवईच्या तलावात किंवा कुठल्याही तळ्यात सोडू नका. तो आपल्याकडचा मासा नाही आणि तिथल्या माशांच्या जिवावर वाढतो.

नवे एंजल आणायची घाई लेक करील. अमोनिया आणि नायट्राइट सलग दोन आठवडे शून्य, केएच ४ ते ६ मध्ये, एवढे झाल्यावरच आणा, आणि एका वेळी एक. मुंबईच्या दुकानांतले पुष्कळ मासे चेन्नईतल्या कोळत्तूरसारख्या ठिकाणांहून पिशव्यांत बंद होऊन येतात. त्या लांबच्या प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरतो आणि अमोनिया दबून राहतो, अगदी तुमच्या टाकीसारखा. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो. म्हणून लांबून आलेली बंद पिशवी उघडून तासन्‌तास थेंब-थेंब पाणी मिसळत बसणे चुकीचे. तुम्ही मात्र क्रॉफर्डहून तासाभरात घरी आणणार, तेव्हा पिशवी पंधरा मिनिटे टाकीत तरंगत ठेवा, मग पाच-पाच मिनिटांनी अर्धी वाटी टाकीचे पाणी पिशवीत घाला, पाच-सहा वेळा, आणि मासा जाळीने उचलून टाकीत सोडा. पिशवीतले पाणी मोरीत ओता.

लेकीला एक वही द्या. दर रविवारी तिने केएचचे थेंब, अमोनिया, नायट्राइट आणि त्या आठवड्यात टँकर आला होता की नाही एवढे लिहायचे, आणि पुढे मोली डुलत आहेत की पोहत आहेत तेही. चार रविवार झाले की ते पान मला पाठवा. फिल्टरमध्ये शिंप्या एक मूठ पुरेशा आहेत की दोन लागतील, ते त्या आकड्यांवरून सांगता येईल.